आपला पहिलाच मराठी भयपट कुठे, कधी आणि किती पडद्यांवर लावावा?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका तरुण दिग्दर्शकाने मित्रांच्या पैशावर मराठी भय-थरारपट पूर्ण केला आहे. लांबी 1 तास 58 मिनिटं. पंचवटीतला जुना वाडा, दिंडोरीकडची द्राक्षबाग आणि रामकुंडावरचा दशक्रियेचा एक प्रसंग, एवढ्यात कथा घडते. एक वितरक म्हणतो, दिवाळीत राज्यभर दीडशे पडद्यांवर लावू, प्रसिद्धीचा खर्च तुमचा. दुसरा म्हणतो, थिएटरच्या भानगडीत पडू नका, सरळ ओटीटीला द्या. मित्रांना घरी दाखवला तेव्हा निम्मे म्हणाले, भीती वाटत नाही. आता करायचं काय?

मी लहान मराठी चित्रपटांचं पोस्ट-प्रॉडक्शन करते आणि ते लागेपर्यंतची धावपळही सांभाळते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. थिएटरमध्येच लावा, पण दीडशे पडद्यांवर लावू नका. नाशिकमध्ये तीन-चार पडदे, पुण्यात तेवढेच, मुंबई-ठाण्यात निवडक ठिकाणं, आणि शक्य तितके सगळे शो संध्याकाळी सहानंतरचे. कौटुंबिक चित्रपट वीस माणसांतही पाहून होतो. भयपटात मात्र शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने श्वास रोखला की आपलाही रोखला जातो. दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये विखुरलेली नऊ माणसं एकमेकांना घाबरवू शकत नाहीत, आणि बाहेर आल्यावर ती चित्रपटात दम नाही असंच सांगणार.

मित्रांच्या प्रतिक्रियेवरून एवढ्यात काही ठरवू नका. दिवाणखान्यात, टीव्हीच्या दोन स्पीकरवर, मध्ये चहा येत असताना पाहिलेल्या भयपटाची ती परीक्षाच नव्हती. कॉलेज रोडवर किंवा सिटी सेंटर मॉलकडे एखादा पडदा सकाळच्या पहिल्या शोच्या आधी भाड्याने मिळतो का ते विचारा आणि तुम्हाला न ओळखणारी साठ-सत्तर माणसं बोलवा. निम्मी कॉलेजची मुलं, उरलेली चाळिशीच्या पुढची असावीत. शो संपल्यावर ‘आवडला का’ असं विचारू नका, कारण नाशिकचा माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. तुम्ही पडद्याशेजारी, प्रेक्षकांकडे तोंड करून बसा. कोणत्या मिनिटाला मोबाइलचा उजेड दिसला, कुठे कुजबुज वाढली, कुठे पॉपकॉर्नचा आवाज थांबला, तेवढंच लिहा. त्या तीन नोंदींवरून संकलन दुरुस्त करता येतं. हशा पिकला तर लगेच खचू नका. दचकल्यानंतर सुटलेलं हसू आणि प्रसंग फसल्याचं हसू यात फरक असतो. पहिलं एका क्षणात विझतं आणि हॉल पुन्हा शांत होतो. दुसऱ्यानंतर शेरेबाजी सुरू होते.

आता आवाजाकडे येते, कारण बहुतेक लहान भयपट इथेच मार खातात. आवाजाचं मिश्रण ज्या स्टुडिओत होतं तिथली पातळी ठरलेली असते: प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, 7 वर, प्रत्येक पडद्यामागच्या चॅनेलला 85 डेसिबल. प्रत्यक्षात थिएटरवाले तक्रारी नकोत म्हणून तो 5 वर आणून ठेवतात, कधी त्याहूनही खाली. या पट्ट्यात एक अंक म्हणजे साधारण 3.3 डेसिबल. म्हणजे तुमचा आवाज साडेसहा डेसिबलने आधीच पडलेला असतो. ठोका-किंचाळी तरीही ऐकू येते. मरतात ते वाड्याच्या माळवदावरचे हलके पाय, लाकडी जिन्याची कुरकुर, बागेत ठिबकच्या नळीतून टपकणारं पाणी. ते एसीच्या घरघरीखाली बुडतात आणि प्रेक्षकाला वाटतं की पडद्यावर काहीच घडत नाहीये. ‘भीती वाटत नाही’ या तक्रारीचं निम्मं उत्तर इथे आहे.

म्हणून अंतिम मिश्रण फेडर 7 वर आणि 5 वर असं दोन्हीकडे ऐका. हलके आवाज 5 वरही कळले पाहिजेत. शांतता हवी असेल तिथे ट्रॅक पूर्ण रिकामा ठेवू नका, रातकिड्यांचा किंवा वाऱ्याचा पातळ थर ठेवा आणि नेमक्या क्षणी तो काढून घ्या. हॉलमधली घरघर चालूच राहते, तरी कानाला बदल जाणवतो आणि अंगावर काटा येतो. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नाशिकमधल्या प्रत्येक हॉलमध्ये स्वतः जा, पहिली दहा मिनिटं लावायला सांगा, मागचे स्पीकर चालू आहेत ना ते बघा आणि ऑपरेटरला नम्रपणे फेडर वाढवायला सांगा. त्याचं नाव विचारा, त्याला चहा पाजा, पहिल्या रविवारी पुन्हा भेटा. तुमच्या चित्रपटाचा शेवटचा तंत्रज्ञ तोच आहे.

चित्राचंही तेच. पडद्याच्या मध्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) हे प्रमाण आहे. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की उजेड बराच खाली येतो. लॅपटॉपवर सुंदर दिसणारा द्राक्षाच्या मांडवाखालचा अंधार अशा पडद्यावर नुसता काळा चिखल होतो. रात्रीच्या प्रसंगांत चेहऱ्याची एक कड तरी दिसेल इतका उजेड ठेवा. आणखी एक तांत्रिक गोष्ट आत्ताच तपासा. चित्रीकरण सेकंदाला 25 फ्रेमने केलं असेल आणि थिएटरची डीसीपी, म्हणजे तिथे चालणारी अंतिम डिजिटल प्रत, 24 ने करायची असेल तर गती 4 टक्क्यांनी मंदावते, 118 मिनिटांची जवळपास 123 होतात, आणि आवाजाची पट्टी न सावरल्यास सगळी पात्रं किंचित खर्जात बोलतात.

मध्यंतराबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. आपल्याकडे मध्यंतर टळत नाही. तुम्ही जागा दिली नाही तर थिएटरवाला स्वतःच्या सोयीने मध्ये तोडतो. पंधरा मिनिटं दिवे लागतात, समोसे येतात आणि तासाभरात साठवलेली धास्ती विरते. मध्यंतर मोठ्या दचक्यावर करण्याची सवय आहे, ती मला पटत नाही. दचका बसला की ताण सुटतो आणि लोक मोकळे होऊन हसत बाहेर जातात. त्याऐवजी एखादी माहिती अर्धवट ठेवून थांबवा, म्हणजे रांगेत उभे असताना ते त्यावरच बोलतील. आणि मध्यंतरानंतरची पहिली तीन मिनिटं अशी ठेवा की त्यात कुठलाही हलका आवाज किंवा महत्त्वाचा संवाद नाही. त्या वेळात निम्मा हॉल अंधारात आपली रांग शोधत असतो.

याला जोडूनच, तुमच्या वाड्यातले आजोबा बिडी ओढतात का? ओढत असतील तर ती बिडी काढता येईल का ते आजच बघा. तंबाखू दिसला की सुरुवातीला आणि मध्यावर आरोग्यविषयक चित्रफीत आणि सूचना दाखवावी लागते, शिवाय त्या प्रसंगात पडद्याच्या तळाशी ठळक इशारा ठेवावा लागतो. भूत दाराशी उभं असताना खाली ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ असं वाचणाऱ्या प्रेक्षकाला तुम्ही परत आणू शकत नाही. कथेला बिडीवाचून अडत नसेल तर काढाच.

रामकुंडाच्या प्रसंगात कावळा आहे, हे तुमच्या वर्णनावरून मी गृहीत धरते. पिंडाला कावळा शिवतो तो खरा असेल तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी लागते आणि ती चित्रीकरणाच्या आधी घ्यायची असते. संगणकावर केलेला असेल तर तसे पुरावे, म्हणजे थरांच्या फाइल्स आणि कच्ची दृश्यं, सांभाळून ठेवा. सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी हाच कागद नसल्यामुळे तारखा पुढे जातात.

प्रमाणपत्राबद्दल फार घाबरू नका. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर होतो, तपासणी मुंबईत. 2023 च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने पाहण्याच्या श्रेणीचे, 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे केले. तुमचा प्रयत्न यूए 16 साठी असावा. ‘ए’ मिळालं तर अठरा वर्षांखालची मुलं येऊ शकत नाहीत, आणि नाशिकमध्ये भयपटाला संध्याकाळी येणाऱ्या गर्दीत अकरावी-बारावीची मुलं खूप असतात. शिवाय ‘ए’ चित्रपट दूरचित्रवाणीवर जात नाही. त्यासाठी कापून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनावश्यक हिंसा, क्रौर्य आणि भय यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे प्रत्येक रक्ताळ प्रसंगाला कथेतलं कारण आहे हे तुम्हाला समितीसमोर सांगता आलं पाहिजे. लहान मुलावरची हिंसा आणि मांत्रिकाचा प्रसंग यांवर प्रश्न येणारच. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, म्हणून अघोरी प्रकाराचं समर्थन होत नाही हे कथेतूनच दिसलेलं बरं. नुसती पाटी लावून भागत नाही. निकाल पटला नाही तर पुनरीक्षण समिती आहे. त्यापुढचं अपील न्यायाधिकरण 2021 साली बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय. तुमच्या खिशाला ते परवडणार नाही, म्हणून पहिल्याच फेरीत तयारीने जा. ट्रेलरला वेगळं प्रमाणपत्र लागतं, तो अर्ज विसरू नका.

एक काळजीची गोष्ट तुमच्या पत्रात दिसली. वाड्याला आणि त्यातल्या शापित घराण्याला तुम्ही पंचवटीत खरोखर असलेलं आडनाव दिलं आहे. ते बदला. 2024 साली मल्याळम ‘भ्रमयुगम’ लागायच्या तोंडावर केरळमधल्या एका जुन्या घराण्याने आपली बदनामी होते म्हणून उच्च न्यायालयात धाव घेतली आणि निर्मात्यांना मुख्य पात्राचं नाव बदलावं लागलं. मोठी कंपनी हे आठवड्यात निस्तरते. तुम्हाला डबिंग पुन्हा करावं लागेल, डीसीपी पुन्हा करावी लागेल आणि शुक्रवार हातचा जाईल. नाशिक लहान आहे, जुनी घराणी एकमेकांना ओळखतात, आणि त्यांच्या मनाला लागणं हेसुद्धा टाळण्यासारखंच कारण आहे.

आता पैसे. दीडशे पडद्यांचा मोह का टाळायचा ते आकड्यांत बघा. तिकिटाचा मूळ दर 150 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, प्रेक्षक 177 देतो. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्याचा तुमचा वाटा रूढ हिशोबाने निम्मा, म्हणजे माणशी 75 रुपये. दुसऱ्या आठवड्यात 42.5 टक्के, तिसऱ्यात 37.5, पुढे 30. नऊ माणसांच्या शोचे तुमच्याकडे 675 रुपये येतात. त्यातून डिजिटल प्रक्षेपणाची फी, वितरकाचं कमिशन आणि त्या शहरातला फलकांचा खर्च जातो. असे शेकडो शो म्हणजे तुम्ही स्वतःच्या पैशाने रिकामे हॉल चालवताय, आणि सोमवारी ते काढले गेले की ‘पडला’ हा शिक्का बसतो. तोच खर्च पंधरा पडद्यांत घातला तर शो भरतात आणि भरलेला शो दिसला की थिएटरवाला स्वतःहून दुसरा देतो.

तिकिटाचा दरही विचारपूर्वक ठरवा. 22 सप्टेंबर 2025 पासून मूळ दर 100 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, दर त्याहून जास्त असेल तर 18 टक्के. 100 च्या तिकिटाला प्रेक्षक 105 देतो. दर 110 केला तर त्याला 129 रुपये 80 पैसे पडतात. त्याच्या खिशातून जवळपास 25 रुपये जास्त गेले आणि तुमच्या वाट्याला आले 5. पहिले तीन दिवस तरी सिडको, नाशिक रोडकडच्या पडद्यांवर 100 चा दर मिळतो का ते मागून बघा. चौघांचं टोळकं एकत्र येण्यासाठी हा फरक पुरेसा असतो, आणि भयपट टोळक्यानेच चालतो.

शोची वेळ करारात लिहून घ्या. राज्यात मराठीला प्राइम टाइम देण्याचा नियम आहे, पण 2015 साली ती वेळ दुपारी 12 ते रात्री 9 अशी ठरली. त्यामुळे सव्वाबाराचा शोही कागदावर प्राइम टाइमच. उन्हातून येऊन कुणी भूत बघत नाही. तुम्हाला साडेसहा-सात आणि साडेनऊ-दहा या दोन वेळा हव्यात. त्यापैकी एक मिळाली तरी दुपारचे तीन सोडून द्यावेत. पुढे वाढायचं झालं तर सर्किट, म्हणजे वितरणाचे विभाग, लक्षात ठेवा: नाशिक मुंबई सर्किटमध्ये येतं, पण येवल्यापुढे वैजापूर लागलं की निजाम, आणि विदर्भ सीपी-बेरारमध्ये. एकाच वितरकाला संपूर्ण महाराष्ट्र लिहून देण्याआधी तो या तिन्हींत स्वतः काम करतो की पुढे कुणाला विकतो हे विचारा.

दिवाळी तर नकोच. त्या आठवड्यात मोठे हिंदी चित्रपट सगळे संध्याकाळचे शो घेतात. माझी सूचना पितृपक्षाची आहे. भाद्रपदाच्या त्या पंधरवड्यात नवीन काही सुरू करायला निर्माते कचरतात, त्यामुळे पडदे तुलनेने मोकळे असतात, आणि तुमच्या कथेत तर रामकुंड, पिंड आणि कावळा आहे. ‘तुंबाड’ हा हिंदी भयपट 12 ऑक्टोबर 2018 ला नवरात्रात लागला तेव्हा त्याची कमाई बेताची होती. 13 सप्टेंबर 2024 ला पुन्हा लागला, त्याचा दुसरा आठवडा पितृपक्षात गेला, आणि या खेपेला त्याने पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त कमावलं. याचं श्रेय एकट्या मुहूर्ताला नाही. मधल्या सहा वर्षांत लोकांनी तो घरी पाहून एकमेकांना सांगितला होता. पण त्या पंधरवड्यात लोक भयपटाला जातात, एवढं त्यातून दिसतं.

स्वागत कसं होईल याची धाकधूक तुमच्या प्रत्येक ओळीत आहे. भयपटाचं स्वागत पोस्टरवर ठरतं. प्रेक्षकाला जे कबूल केलं ते मिळालं नाही की तो चिडतो, मग चित्रपट कितीही चांगला असो. अमेरिकेत पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेणारी सिनेमास्कोअर नावाची संस्था आहे. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या ‘हेरेडिटरी’ या भयपटाला 2018 मध्ये तिथे ‘डी प्लस’ मिळाला. 1999 चा ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ अगदी तुटपुंज्या खर्चात झाला, जगभर सुमारे 24 कोटी 80 लाख डॉलर मिळवून गेला, आणि त्याची श्रेणी होती ‘सी प्लस’. दचक्यांच्या अपेक्षेने आलेल्या माणसाला संथ चढणारी भीती दिली की तो फसवल्यासारखा होतो. तुमचा चित्रपट संथ आहे. ट्रेलरमध्ये किंकाळ्यांची माळ लावू नका. एकच प्रसंग घ्या, बागेतला, जवळजवळ पूर्ण लांबीचा, आणि तो संपायच्या आधी तोडा. जो प्रेक्षक त्यावर थांबेल तोच तुमचा.

समीक्षकांना लिंक पाठवू नका, वॉटरमार्क घालूनही नको. कारण पायरसीचं कमी आणि लॅपटॉपवर एकट्याने पाहण्याचं जास्त आहे. गुरुवारी संध्याकाळी एक शो ठेवा, त्यात समीक्षक वीस आणि बाकी हॉल सामान्य प्रेक्षकांनी भरलेला असू द्या. एकट्याने पाहिलेल्या आणि दोनशे जणांत पाहिलेल्या भयपटाची परीक्षणं वेगळी उतरतात, हे मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. पायरसी झालीच तर 2023 च्या दुरुस्तीने किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान 3 लाख रुपये दंडाची तरतूद केली आहे. तक्रार लगेच करा, पण तिच्यात प्रदर्शनाचा आठवडा घालवू नका.

राहिलं ओटीटी. दुसऱ्या वितरकाचं म्हणणं सरसकट चुकीचं नाही. ज्या चित्रपटाला थिएटरमध्ये काही मिळवायचं नाही त्याने थेट तिकडे जावं. पण नव्या दिग्दर्शकाचा, नाव नसलेल्या कलाकारांचा मराठी चित्रपट आज आगाऊ विकत घेणारं फार कुणी नाही. बहुतेक प्रस्ताव पाहिलेल्या वेळेनुसार वाटा देण्याचे असतात, आणि तिथे मांडणीत वर दिसण्यासाठी थिएटरमध्ये काहीतरी बोललं गेलेलं असावं लागतं. आठ-दहा भरलेल्या शोंचे रोजचे कलेक्शन रिपोर्ट आणि चार परीक्षणं हातात असतील तर बोलणी वेगळी होतात. शासनाच्या मराठी चित्रपट अर्थसाहाय्य योजनेसाठीही हे कागद जपून ठेवा.

करारात एकच गोष्ट मी हट्टाने सांगेन. ‘लपाछपी’ हा 2017 चा मराठी भयपट, उसाच्या फडात घडणारा, मोठा तारा नसलेला. त्याच दिग्दर्शकाने, विशाल फुरियांनी, तो 2021 मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला आणि तो ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवरून देशभर पोहोचला. भयपटाची कथा भाषा सहज ओलांडते, म्हणून त्याची खरी किंमत पुष्कळदा रिमेक आणि डबिंगच्या हक्कांत असते. तुमच्या वितरकाच्या मसुद्यात ‘सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ असे शब्द असतील तर ते खोडा. त्याला महाराष्ट्रातलं थिएटर प्रदर्शन ठरावीक मुदतीसाठी द्या, ओटीटीचा करार वेगळा आणि फक्त मराठी आवृत्तीचा करा, आणि रिमेक, डबिंग, पुढचा भाग हे तिन्ही हक्क नाव घेऊन स्वतःकडे लिहून ठेवा. सही करण्याआधी मसुदा चित्रपटाचे करार पाहणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि त्याची फी दीडशे पडद्यांच्या फलकांसाठी राखून ठेवलेल्या पैशातून द्या.